प्रकल्प नोंदी: ‘जुई आणि प्रहरी’, अंक पहिला

३ जून

पटकथा पुन्हा हातात घेतली. आतापर्यंत ठरलंय ते एवढंच: ३२ पानांचा कॉमिक अंक, नायक प्रहरी, त्याची साथीदार जुई, वय १५. प्रहरीकडे बळ आहे, उंच उडी आहे, शहरभर नाव आहे. जुईकडे जुना लॅपटॉप आणि गप्प राहून बघत बसायची सवय. चित्रकार मैत्रिणीने पहिल्याच भेटीत विचारलं, “अरे, पण मारामारीच्या पानांवर ही पोरगी काय करणार?” मला उलट प्रश्न जास्त छळतोय. मारामारी नसलेल्या पानांवर प्रहरी काय करणार?

५ जून

साथीदार हे पात्र मुळात कशासाठी जन्माला आलं, ते एकदा लिहून ठेवतो. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन १९४० मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८व्या अंकात आला. लेखक बिल फिंगरची अडचण अगदी व्यवहाराची होती. बॅटमॅन एकटा हिंडतो, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते वाचकाला कळायचं कसं? होम्सजवळ वॉटसन होता, तसं याच्याजवळही बोलायला कुणी हवं होतं. म्हणजे रॉबिन मूळचा वॉटसन. “पण तुम्हाला कळलं कसं?” असं त्याने विचारायचं, की नायकाने तपास उलगडून सांगायचा. लहान वाचकाला आपल्या वयाचं कुणीतरी मिळालं, हा वरचा फायदा.

आपली जुई स्वतःच तपास करणार असेल तर ही सगळी सोय मोडते. जिला उत्तर माहीत आहे तीच अबोल. लॅपटॉपशी एकटीच बोलणारी मुलगी वाचक दोन पानं सहन करेल, तिसऱ्या पानावर अंक मिटेल.

६ जून

टिम ड्रेकचे, म्हणजे तिसऱ्या रॉबिनचे, सुरुवातीचे अंक पुन्हा वाचले. त्याआधीचा इतिहास थोडक्यात: दुसरा रॉबिन, जेसन टॉड, बऱ्याच वाचकांना आवडेना. १९८८ मध्ये प्रकाशकाने फोनवरून कौल घेतला, जगवायचा की मारायचा. ५,३४३ विरुद्ध ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला. त्यानंतर तिसरा रॉबिन आणणं म्हणजे वाचकांसमोर पुन्हा तेच ताट वाढणं, आणि लेखक मार्व्ह वोल्फमनने ते १९८९ मध्ये करून दाखवलं. मला वाटतं ते जमलं, कारण टिमला कुणी उचलून आणलेलं नाही. तो कोडं सोडवून आपणहून दारात येऊन उभा राहतो.

कोडं सुटतं कसं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अगदी लहान असताना टिमने सर्कशीत ग्रेसन कुटुंबाच्या कसरती पाहिलेल्या असतात. पुढे टीव्हीवरच्या बातमीत रॉबिन हवेत चौपट कोलांटी घेताना दिसतो. ही कोलांटी जमणारी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे हा पहिला रॉबिन डिक ग्रेसन. आणि डिकला ज्याने वाढवलं तो ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन. तेव्हा टिम नऊ वर्षांचा. या सगळ्या शोधात संगणक कुठेही नाही. जे पाहिलं ते लक्षात राहिलं आणि दोन दूरच्या गोष्टी शेजारी ठेवल्या, बस.

संगणक नंतर येतो. १९९० च्या एका कथेत ‘मनीस्पायडर’ नावाने मोठमोठ्या कंपन्यांचे पैसे वळवणाऱ्याचा टिम माग काढतो, आणि तो निघतो सुधारगृहात बसलेला जवळपास त्याच्याच वयाचा मुलगा. तिथेही मजा कळा दाबण्यात नाही. समोरचा असा का वागतोय, हे टिमला कळत जातं त्यात आहे.

जुईसाठी नियम: आधी नजर, मग यंत्र. यंत्राने तिला उत्तर द्यायचं नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाला फक्त हो किंवा नाही म्हणायचं.

८ जून

ठरलं. प्रहरी वॉटसन होणार.

चित्रकार आधी हसली, मग गंभीर झाली. एवढा धिप्पाड माणूस बुटक्या स्टुलावर बसून पंधरा वर्षांच्या पोरीला विचारतोय, “म्हणजे काय?” हे चित्र तिला लगेच दिसलं. माझी एकच अट: त्याला मठ्ठ करायचं नाही. त्याचे प्रश्न वाचकाचे प्रश्न असले पाहिजेत, आणि अधूनमधून त्याच्या प्रश्नामुळेच जुई अडली पाहिजे. मागे कुणीतरी म्हणालं होतं, मग प्रहरी काढूनच टाका, भा. रा. भागवतांच्या बनेश फेणेसारखी एकटी पोरगीच नायिका करा. पण फेण्याला कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही, तो धावतो आणि प्रकरण उलगडतं. जुईला पटवून द्यायचंय, आणि तेही ज्याच्यावर चोरीचा आळ येणार आहे त्या प्रहरीलाच. त्यासाठी दोघं हवेत.

११ जून

क्लिफर्ड स्टोलची हकिकत काढून वाचली. अशा साथीदाराचा खरा आदर्श माझ्या मते हाच, गाडी न् झगा नसलेला. १९८६, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा. स्टोल खगोलशास्त्रज्ञ, संगणक विभागात नुकताच आलेला. संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक दिसतो. दुसऱ्या कुणी तो खिशातून भरून विषय मिटवला असता. हा त्याच्या मागे लागला. बाहेरून येणाऱ्या लाइनींना प्रिंटर जोडले, घुसखोराची प्रत्येक कळ कागदावर उतरवली, रोजची वही ठेवली. फोन कंपनीला माग काढण्याइतका वेळ मिळावा म्हणून खोट्या सरकारी कागदपत्रांचं आमिष रचलं. घुसखोर पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये सापडला.

यात स्टोलने कुणाच्या यंत्राचं कुलूप फोडलेलं नाही. तो आपल्याच घरात दबा धरून बसला. जुईबद्दलचा एक जुना वाद यामुळे मिटला: ती पोलिसांच्या किंवा संग्रहालयाच्या संगणकात घुसणार नाही. नुसतं सभ्य दिसावं म्हणून नव्हे. घुसून आणलेल्या पुराव्यावर खलनायक एका वाक्यात पाणी ओतेल, “हे हिनेच लिहिलं असेल.”

१२ जून

गुन्हा: संग्रहालयातला ताम्रपट रात्री साडेअकराच्या सुमारास चोरीला जातो. दुसऱ्या दिवशी फुटलेल्या काचेसमोर उभ्या प्रहरीचा फोटो फोनाफोनी फिरतो. शहर उलटतं. खरा चोर संग्रहालयाचा व्यवस्थापक. त्याच्या बाजूला दाराच्या यंत्राची नोंद आहे. कार्ड लावून तो १८:१० ला बाहेर पडला. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. पोलिसांकडे त्या एका ओळीचा छापील कागद आहे आणि त्यांचं समाधान झालंय.

१३ जून

कोड्याचं मर्म सापडलं, आणि ते इतकं साधं आहे की भीती वाटतेय.

दाराचं यंत्र वेळ लिहितं ती यूटीसीमध्ये, जगभरासाठी ठरलेल्या एकाच प्रमाणवेळेत. सर्व्हर आणि अशी यंत्रं बऱ्याचदा हेच करतात, म्हणजे जगभरच्या नोंदी एका रांगेत लावता येतात. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १८:१० म्हणजे इथले २३:४०. व्यवस्थापकाने नोंदीत काहीही बदललेलं नाही. नोंद खरी आहे, वाचणारे चुकले आहेत.

जुईला हे सुचायचं कसं? कुणी कानात सांगून चालणार नाही. ती संग्रहालयाच्या विश्वस्त बाईंकडे दाराच्या यंत्राची अख्ख्या दिवसाची नोंदवही मागते. पोलिसांनी एक ओळ पाहिली, ही सगळ्या ओळी पाहते. सफाई कामगार बाईंचं कार्ड पहाटे ०१:३० ला. संग्रहालय उघडलं ०४:३० ला. स्वतः व्यवस्थापक कामावर आला ०४:४० ला. पहाटे दीडला फरशी पुसायला कोण येतं? ही पूर्ण वही पान ११ वर वाचकासमोर ठेवायची, काहीही अधोरेखित न करता. उलगडा थेट पान १७ वर. मधल्या पानांत ज्याला जमेल त्याने जुईच्या आधी सोडवावं.

चित्रकाराचं म्हणणं, चोरी मध्यरात्रीनंतर ठेव, जास्त थरारक. पण मग यूटीसीत तारीखही आदल्या दिवशीची होते आणि वाचकाला वेळेसोबत तारीखही सांभाळावी लागते. नको. २३:४० राहू दे.

१५ जून

प्रहरीला काम मिळालं. नोंदवहीतले आकडे विचित्र दिसले म्हणून घड्याळ किती सरकलंय ते सिद्ध होत नाही. त्यासाठी एकच घटना दोन घड्याळांत सापडायला हवी. डिजिटल तपास करणारे हेच करतात: ज्याची वेळ बाहेरून पक्की माहीत आहे असा एखादा प्रसंग धरायचा आणि यंत्राचं घड्याळ त्याच्याशी ताडून पाहायचं. आपल्याकडे तो प्रसंग म्हणजे पहारेकऱ्यांची पाळी बदलणं. कागदी वहीत शाईने “रात्री ८”, यंत्रात १४:३०. बरोबर साडेपाच तास.

पण ती कागदी वही पहारेकऱ्याच्या घरी आहे, आणि त्याला भीती आहे की आपल्यावरच शेकेल. जुईला माणसांशी बोलता येत नाही. प्रहरीला येतं. पान १५ संपूर्ण त्याचं: मुखवटा काढून हातात धरलेला, आवाज खाली, समोर घाबरलेला म्हातारा. उडी नाही, ठोसा नाही. अंकातलं माझं आवडतं पान बहुधा हेच होईल.

१८ जून

फोटोचा धागा कापला. मूळ आराखड्यात जुई फोटोच्या एक्झिफ माहितीवरून (कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो ती) तो खोटा ठरवते, असं होतं. दोन अडचणी. एक, मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली ही माहिती बहुतेक वेळा वाटेतच गळून जाते, आणि हा फोटो तर शहरभर फिरून आलेला. दोन, एक्झिफमध्ये फोटो काढल्याची वेळ असते, पण ती कुठल्या कालविभागातली हे लिहायची जागा थेट २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली. म्हणजे पुन्हा घड्याळाचाच घोळ, आणि एका अंकात दोन घोळ म्हणजे वाचकाला शिक्षा.

अर्धं पान मात्र ठेवलं. जुई फोटो उघडते, आत काहीच नाही. प्रहरी आशेने विचारतो, “मिळालं?” ती म्हणते, “नाही.” पान संपलं. पडद्यावरचे संगणकतज्ज्ञ धूसर चित्र मोठं करत करत चेहरा स्पष्ट करतात ना, त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. जे ठिपके मुळात टिपलेच गेले नाहीत ते कुठून येणार? जुईला रिकाम्या हाताने परत येताना एकदा तरी दाखवायचंच होतं.

२१ जून

बार्बरा गॉर्डनवरून चर्चा लांबली. १९६७ मध्ये बॅटगर्ल म्हणून आली ती ग्रंथपाल होती. १९८८ च्या कथेत गोळी लागून चाकाच्या खुर्चीत बसली, आणि १९८९ च्या सुरुवातीला ‘ओरॅकल’ या नावाने परतली: पडद्यांच्या भिंतीसमोरून सगळ्यांना माहिती पुरवणारी. चित्रकाराला जुईसाठी तशीच पडद्यांची भिंत हवी होती. रेखाटन सुंदरच होतं. पण पंधरा वर्षांच्या मुलीकडे ती आली कुठून? आणि भिंत दिसली की वाचक ताबडतोब मानून मोकळा होतो की हिला सगळं कळतं. एकच लॅपटॉप, कोपऱ्यात तडा गेलेला. बार्बराकडून घेतली ती ग्रंथपालाची शिस्त: जुईच्या वहीत प्रत्येक गोष्टीपुढे काय, कुठून, कधी, कुणाकडून.

२५ जून

हॅशचं पान. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची अक्षरमाळ, फाइलचा जणू ठसा. विश्वस्त बाई नोंदवहीची फाइल देतात तेव्हा जुई ती उघडण्याआधी तिचा हॅश काढते, म्हणजे पुढे कुणी “तू बदललंस” म्हणालं तर पुन्हा काढून ताडता येईल. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला तरी येणारी अक्षरमाळ पूर्ण वेगळी. एसएचए-२५६ या हॅश काढायच्या पद्धतीची माळ ६४ अक्षरी असते आणि ती आपल्या चौकटीत मावत नाही. चित्रकाराने शोधून विचारलं, “एमडी५ ची बत्तीसच अक्षरं असतात की, ती का नको?” मावली असती. पण दोन वेगळ्या फाइलींना एकच एमडी५ येऊ शकतो हे २००४ मध्येच दाखवून झालंय, एसएचए-१ चंही २०१७ मध्ये तेच झालं. जुईला हे माहीत असणार. चौकट रुंद केली.

आणि रुंद चौकटीतून विनोद निघाला. ही माळ कागदावर उतरवून बाईंची सही घ्यायची, म्हणजे संगणकावर कुणाला विश्वास ठेवावा लागू नये. जुई वाचते, प्रहरी लिहितो. लोखंडी दार वाकवणारा माणूस जीभ दातांत धरून बारीक अक्षरं काढतोय आणि पेन्सिली मोडताहेत. “पुन्हा सांग. बी की डी?” चित्रकाराने याच्या चार चौकटी मागितल्या, सहा दिल्या.

२ जुलै

मारामारी चार पानांत उरकली. व्यवस्थापक पळतो, प्रहरी गाठतो. जुईचा वाटा: नोंदवहीतून तिला माहीत आहे की त्याच्या कार्डावर मागची दोनच दारं उघडतात. एकाशी प्रहरी. दुसऱ्याशी सफाईवाल्या बाई, बादली घेऊन. शाई सुरू.

९ जुलै

कच्ची पानं काही बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वाचायला दिली. पान ११ वर थांबणारे थांबले, उडी मारणारे उडी मारून गेले, आणि दोघांचंही पुढे अडलं नाही. सफाईवाल्या बाईंची वेळ हेरणाऱ्या मुलीने पान १७ येईपर्यंत तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं, मग एकदम ओरडली.

एका मुलाचा प्रश्न: “त्याने संगणकाचं घड्याळच बदललं असतं तर?” फार चांगला प्रश्न. एक घड्याळ बदललं तरी त्या दिवशी आलेल्या-गेलेल्या बाकीच्या माणसांच्या वेळा त्याच्यासोबत सरकतात, आणि कागदी वही जागची हलत नाही. हा प्रश्न जसाच्या तसा प्रहरीच्या तोंडी घातला, पान १८, पहिली चौकट. जुई क्षणभर अडते, मग कागदी वहीवर बोट ठेवते.

११ जुलै

अक्षरलेखन. पडद्यावरच्या नोंदी देवनागरीत की रोमनमध्ये, यावर थोडी झटापट. आकडे आणि नावं देवनागरीत, हॅशची माळ आहे तशी. जोडाक्षरांमुळे ओळींतलं अंतर वाढवावं लागलं. पान ११ वरच्या दोन ओळी गळल्या, त्या वाचकाच्या शोधाला लागत नव्हत्या.

१५ जुलै

शेवटचा खडा. व्यवस्थापकाला घड्याळ यूटीसीवर आहे हे ठाऊक होतं, की त्याचं नशीब फळफळलं? चित्रकार म्हणते, नशीब. त्यामुळे तो जास्त माणूस वाटतो. मला ते पटत नाही. जुईने तपासाने मिळवलेलं उत्तर समोरच्याला फुकट मिळालेलं असेल तर सामनाच बरोबरीचा राहत नाही. तो जाणून होता. आणि तो जाणून होता हेही वाचकाला आधी दिसायला हवं, पकडल्यावर त्याच्या कबुलीतून नव्हे.

पान ७, दुसरी चौकट. प्रहरीवर आळ घेताना व्यवस्थापक टेबलाशी उभा आहे. टेबलावर यंत्र बसवणाऱ्यांचं पत्र: “घड्याळ स्थानिक वेळेवर आणण्यासाठी आपली सही हवी.” सहीची जागा कोरी, पत्राची तारीख चार महिन्यांपूर्वीची. चित्रकाराला सांगितलंय, पत्र त्याच्या कोपराखाली अर्धं झाकलेलं असू दे, पण तारीख आणि कोरी जागा वाचता आली पाहिजे.